कपाटात ठेवलेलं घरटं

अमरावतीला मास्तरणीचं शिक्षण पुरं करून मी अकोटच्या मुलींच्या शाळेत लागले, तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात वस्तुपाठाचं मोठं वेड होतं. मुलांना नुसतं पुस्तकातून नव्हे, प्रत्यक्ष वस्तू दाखवून शिकवा, असा वरून हुकूम होता. हुकूम वाईट नव्हता. आमच्या शाळेत त्याचं जे झालं, ते सांगते.

पहिलीत ‘प्राणी व त्यांची घरे’ हा पाठ माझ्याकडे होता. शाळा तपासणारे दिपोटीसाहेब सोमवारी येणार होते. आठवडाभर आधी मोठ्या बाईंनी मुलींना फर्मावलं, “जिला ज्या प्राण्याचं घर सापडेल, तिनं ते घेऊन यायचं.” मुलींना तेवढं पुरे झालं. सुगरणीचे खोपे आले, त्यांतल्या दोहोंत अंडी होती. वाळवीसकट वारुळाचं ढेकूळ आलं. डबाभर गोगलगायी आल्या. बीळ उचलून आणता येईना, म्हणून एकीनं शेपटीला दोरा बांधून उंदीरच आणला. मोठ्या बाई प्रत्येकीला शाबासकी देत आणि सगळं काचेच्या कपाटात कोंबत.

शनिवारी भाजीवालीची मुलगी ओच्यातून खारीचं घरटं घेऊन आली. सहा वर्षांची पोर. सरकी काढायच्या जिनातून उडालेल्या कापसाचं ते घरटं होतं, आणि आत तीन पिल्लं, डोळेही न उघडलेली. तेही कपाटात गेलं. शाळा सुटेपर्यंत ती मुलगी कपाटापाशीच घुटमळत होती.

“बाई, पिल्लं हालून राह्यले. त्याईले भूक लागली असंन. नेऊन देऊ का त्याईच्या मायजवळ?”

मी म्हणाले, “सोमवारी तपासणी झाली की नेऊन ठेव.”

कपाटाची किल्ली माझ्याच कमरेला होती.

भादव्याचं ऊन, बंद खोली, मधला रविवार. सोमवारी सकाळी कपाट उघडलं आणि मी तोंडाला पदर लावून मागे सरले. उंदीर फुगला होता. अंडी फुटून ओघळली होती. खारीच्या घरट्याला लाल मुंग्यांची रांग लागली होती. पिल्लांचं काय राहिलं होतं ते मी लिहीत नाही. मोठ्या बाई दारातूनच म्हणाल्या, “उंदीर फेका. बाकीच्यावर कापूस पसरा. घर दिसलं म्हणजे झालं.” मी उंदीर फेकला, कापूस पसरला, ऊदही जाळला. हे सगळं मी माझ्या हातांनी केलं.

दिपोटीसाहेब आले. कपाटासमोर उभे राहून त्यांनी मान डोलावली, आणि नेमकं त्याच मुलीला उभं केलं.

“खार कोठे राहते?”

“झाडावर राह्यते,” ती म्हणाली. मग कपाटाकडे बोट करून, “पिल्लं तिथी मेले.”

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. मला वाटलं, आता हा माणूस काही विचारेल.

“मेले नव्हे. पिल्ले मेली. शुद्ध बोलावं. म्हण.”

“पिल्ले मेली.”

“सगळ्या वर्गानं म्हणा.”

चाळीस मुली एका सुरात म्हणाल्या, “पिल्ले मेली.” साहेबांनी तीनदा म्हणवून घेतलं. मग शेरेबुकात लिहिलं: वस्तुपाठ उत्तम, भाषेकडे लक्ष द्यावे. त्यानंतर चहा-चिवडा झाला. त्यांच्या मिशीला चिकटलेला पोह्याचा दाणा हलताना बघून मला शिसारी आली. पण ती सगळी त्यांच्यावरची नव्हती.

दुपारी मी कपाट रिकामं केलं आणि शाळेमागे खड्डा करून सगळं पुरलं. मोठ्या बाई संतापल्या. “तेल्हाऱ्याच्या शाळेतल्या बाई बघायला येणार आहेत. पुन्हा भरून घ्या.”

“मी भरणार नाही,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडची पहिली गेली आणि शिवणाचा वर्ग आला.

ती मुलगी शाळेत यायची थांबली. आठवड्यानं बाजारात तिची आई भेटली.

“बाई, पोरगी साळंत नाई म्हनते. मारलं का तुमी तिले?”

मारलं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं. तिथेच, वांग्यांच्या टोपलीपाशी उभी राहून मी तिला सगळं सांगितलं. शनिवारचंही सांगितलं.

“मंग किल्ली तं तुमच्याजवळच व्हती,” ती म्हणाली. “काहून नाई देल्ले?”

“साहेबांना दाखवायची होती.”

तिनं माझी वांगी तोलून पिशवीत टाकली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

दसऱ्यानंतर मुलगी परत शाळेत आली. शिवणाच्या तासाला पहिलीच्या मुलीही बसत. ती टाके सरळ घाली, विचारलं तेवढंच बोले, आणि बोलताना दर वेळी शुद्ध बोले.