ओढणीतला भोपळा

देवीला मी सुटकेसमध्ये ठेवलं होतं. सासूबाईंनी लग्नात दिलेला कुलदेवीचा चांदीचा टाक, हिवाळी कपड्यांखाली, अगदी तळाशी. सातव्या महिन्यात इथल्या, अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावातल्या ओळखीच्या सगळ्या काकूंनी माझी ओटी भरली होती आणि आठव्यात बाळ पोटातच गेलं. जी ओटी भरून घेते आणि तीच रिकामी करते, तिच्यापुढे दिवा कशाला लावायचा, असं माझं सरळ म्हणणं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात एका मैत्रिणीचं डोहाळजेवण ठरलं. मला बोलावणं आलं नाही. तिनं माझा विचार करूनच टाळलं असेल, पण मला ते फार झोंबलं. त्या शनिवारी सकाळी नवऱ्याला म्हटलं, "जरा ड्राइव्हला जाऊन येते," आणि शेजारच्या आयोवा राज्याकडे निघाले. खरं सांगायचं तर परत यायची इच्छाच नव्हती.

जिथे देऊळ नाही, आपलं माणूस नाही, पोरांचा गलका नाही अशी जागा हवी होती. म्हणून शेतांमधली, संग्रहालय म्हणून जपलेली जुन्या राष्ट्राध्यक्षांची घरं शोधली. इतिहासाशी माझा संबंध शाळेतल्या मार्कांपुरताच. पण एक साधी गोष्ट मी विसरले होते, राष्ट्राध्यक्षालाही आधी जन्मावं लागतं. पहिल्या घरात पाळणा. दुसऱ्या घरातही पाळणा, आणि त्यात कुणीतरी विणलेलं इवलंसं टोपडं. तिकीट देणारी बाई हसून म्हणाली, लहान मुलांना तिकीट नाही, सोबत कुणी आहे का? नाही म्हटलं आणि गाडीत येऊन बसले. दुतर्फा मका, मधेच सोयाबीन, आणि आभाळ एवढं मोठं की रडायला आडोसा नाही. गाडी चालवताना मी देवीशी भांडत होते, मोठ्यानं, तोंडाला येईल ते बोलत होते. फोन बंद करून एका मोटेलात पडून राहिले.

रविवारी तिसऱ्या घराच्या उंबऱ्यावरूनच पाळणा दिसला. पुढे पाऊल टाकवेना. मागच्या अंगणात जाऊन बाकावर बसले. तिथे जुन्या पद्धतीची परसबाग राखली होती आणि एप्रन बांधलेली एक म्हातारी शेंगा तोडत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. का रडतेस, मुलं किती, काहीच विचारलं नाही. एप्रनची खोळ करून त्यात भाजी घेऊन आली आणि म्हणाली, इथे हे सगळं वाया जातं, घरी घेऊन जा. पिशवी नाही म्हटल्यावर माझ्या ओढणीकडे बोट दाखवलं. "दॅट स्कार्फ विल डू, हनी."

मी उठले आणि दोन्ही हातांनी ओढणी पुढे धरली. तिनं ओंजळीनं शेंगा घातल्या, पुन्हा घातल्या. मग कणसं. शेवटी नारळाएवढा एक भोपळा दोन्ही हातांनी अलगद मधोमध ठेवला. ओटी भरून झाली की त्यातले चार दाणे भरणारीच्या ताटात परत टाकायचे असतात. माझा हात आपसूक गेला. चार शेंगा उचलून मी तिच्या एप्रनमध्ये टाकल्या आणि तेव्हा कुठे मला कळलं, काय झालं ते.

मी खाली वाकून तिच्या चिखलानं भरलेल्या बुटांना हात लावला. ती दचकली. मग मला उठवून, माझं रडणं सरेपर्यंत खांदे धरून उभी राहिली.

गाडीत फोन सुरू केला. लगेच नवऱ्याचा फोन आला. "अगं, कुठे आहेस यार? कालपासून ट्राय करतोय. फक्त सांग, येतेयस ना?"

"येतेय," मी म्हटलं. "भोपळा आणतेय." पलीकडे तो रडत होता.

या गोष्टीला काही वर्षं झाली. मूल झालं नाही, होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. अजूनही एखादा दिवस असा येतो की अंथरुणातून उठवत नाही. त्या बाईला भाजी वाया घालवायची नव्हती, एवढंच असेल, मी वाद घालत नाही. पण मी पदर पसरला नव्हता, उलट वाटेल ते बोलले होते, तरी मला देणारं कुणी आलं. त्या दिवशी घरी पोचल्यावर सुटकेसमधून टाक काढून देव्हाऱ्यात ठेवला, पुढे भोपळा ठेवला. रोज दिवा लावते, मागत काही नाही, देवीला एवढंच म्हणते: आई, माझी ओटी रिकामी आहे हे तुला ठाऊक आहे. तेवढ्यावर माझा दिवस निघतो.