अर्धा अर्धा स्वर खाली

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यातले रविवार आठवले की आधी आवाज आठवत नाही, तळपाय आठवतात. चर्चच्या मागे एक जुना हॉल होता. त्याची जमीन लाकडी फळ्यांची होती. चार म्हातारे तिथे वाजवायला लागले की ते वाजवणं आधी बुटांतून वर यायचं, मग गुडघ्यांत, आणि कानापर्यंत पोचेस्तोवर मी अर्धवट पेंगलेली असायचे. हेवी मेटल ऐकता ऐकता कोणाला झोप येते असं सांगितलं तर लोक हसतात. पण मला यायची. आठवडाभर गोदामातली शिफ्ट आणि लेक्चर्स, त्यात ती रेडिएटरजवळची खुर्ची, आणि साडेतीनलाच उंच खिडक्यांतून विरत जाणारा पातळ चहासारखा उजेड. त्या आवाजात डोळे मिटले की वाटायचं, आपण एका मोठ्या, जुन्या जनावराच्या पोटात बसलो आहोत आणि ते झोपेत श्वास घेतंय.

त्या चौघांपैकी ड्रम वाजवणारे माझे घरमालक. वय एकोणसत्तर. त्यांच्या घरातली मागची खोली मी भाड्याने घेतली होती. मी त्यांना अंकल म्हणायचे, ते मला बॅब म्हणायचे. तिकडचे जुने लोक कोणालाही बॅब म्हणतात, अगदी बसमधल्या अनोळखी माणसालाही. तरुणपणी ते मोटारींच्या कारखान्यात प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबणाऱ्या यंत्रांवर होते. माझे वडील एमआयडीसीतल्या कंपनीत पॉवर प्रेसवर काम करतात. दोघांचेही कान त्याच कामाने गेलेले. त्यामुळे ते दुसऱ्या खोलीतून ओरडून 'चहा?' विचारायचे तेव्हा मला परकं वाटायचं नाही. आमच्या घरीही सगळे ओरडूनच बोलतात.

त्यांची बायको रविवारी वॉटफर्डला मुलीकडे जायची. रिकाम्या घरात मला शांतता सोसायची नाही, म्हणून मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याबरोबर हॉलवर जायला लागले. फोनवर आईला सांगितलं, घरमालक बँडमध्ये आहेत. तिने विचारलं, "लग्नाच्या सीझनला घरी असतात का गं?"

बाकीचे तिघे असे. गिटार वाजवणारे निवृत्त गणिताचे शिक्षक. बेस गिटार वाजवणारे पोस्टमन होते, आणि आठवड्याला दहा वाक्यं बोलायचे. गायकाने तीस वर्षं शहराची बस चालवलेली. ते नेहमी वीस मिनिटं उशिरा यायचे, हातात कुत्र्याचा पट्टा, आणि दारातूनच म्हणायचे, "चला, मागे सरका, आत जागा आहे." चाळीसहून जास्त वर्षं हे चौघे एकत्र वाजवत होते. फार मोठं नाव कधीच झालं नाही. पण आसपासच्या गावांत त्यांचे लोक होते. तेही म्हातारे होत चाललेले, काळ्या टी-शर्टवर जाड स्वेटर घालून येणारे.

डिसेंबरातल्या एका रविवारी गायकाने चहाच्या वेळी जाहीर केलं, "मे महिन्यात शेवटचा कार्यक्रम. जिथे सुरुवात केली त्याच हॉलमध्ये. मग बास."

त्यांनी कप खाली ठेवला.

"आवाज शाबूत आहे तोवर थांबायचं," ते म्हणाले. "लोकांनी 'अरेरे' म्हणायच्या आत. मी बघितलेत तसले गायक. मला तसं व्हायचं नाही."

गिटारवाल्यांनी पोस्टमनकडे बघितलं. पोस्टमननी बिस्किटाकडे बघितलं. मग तिघांनीही मान डोलावली.

घरी आल्यावर अंकलनी किटली लावली आणि तिच्याकडेच बघत म्हणाले, "मग रविवारी करायचं काय?" बहुतेक ते त्यांनी मला विचारलं नव्हतं.

दोन दिवसांनी ते माझ्या खोलीच्या दाराशी आले. "तू ते प्लॅनिंगच शिकतेस ना? मग आमचा एक प्लॅन करून दे. आम्हा चौघांना साधी तारीख ठरवता येत नाही."

मी प्रोजेक्ट मॅनेजमेंट शिकत होते. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. खरं सांगायचं तर आपण नेमकं काय शिकतोय हे मलाच घरी नीट सांगता यायचं नाही. वडील विचारायचे, "म्हणजे तू बनवणार काय?" आणि मी चाचरायचे. इथे पहिल्यांदा कोणीतरी माझ्या शिक्षणाकडे काहीतरी मागत होतं. मला इतका आनंद झाला की जी असाइनमेंट द्यायची होती ती बाजूला ठेवून मी हेच करत बसले.

पुस्तकात सांगितलं होतं तसं मी प्रत्येकाशी वेगळं बोलले. कार्यक्रमानंतर काय करणार, हेही विचारलं. पोस्टमन म्हणाले, "कांद्याची पात." एवढंच. भाजीपाला लावायला त्यांचा जमिनीचा छोटा तुकडा होता. गिटारवाले कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीला जोडायचं चाकांवरचं घर, घेऊन स्कॉटलंडला जाणार होते. गायक म्हणाले, "मी गप्प बसणार. बायकोला शब्द दिलाय." अंकलना विचारलं तर ते म्हणाले, "बघू," आणि उठून कचऱ्याचे डबे बाहेर ठेवायला गेले. तो वार कचऱ्याचा नव्हता.

गिटारवाल्यांशी बोलायला मी रविवारी लवकर गेले. गायक यायचे होते. गिटारवाले आपली गिटार सुरात लावत होते आणि तारा मला फार जाड वाटल्या. मी सहज विचारलं.

"खाली लावलीय ना, म्हणून," ते म्हणाले. "पातळ तारा इतक्या खाली सैल पडतात."

मग त्यांनी सांगितलं. सुरुवातीला त्यांची गाणी ज्या पट्टीत होती, ती शाळेतल्या आमच्या पेटीच्या हिशेबाने पांढरी तीन. गायकाचा आवाज वरच्या जागी चिरकायला लागला तेव्हा या तिघांनी एका रविवारी ते यायच्या आत अर्धा स्वर खाली घेतला. काही वर्षांनी आणखी अर्धा. असं चार वेळा. आता ते पांढरी एकवर होते. गायक स्वतः काही वाजवत नाहीत, आणि येतात तेव्हा सगळं लावून झालेलं असतं. "त्याला वाटतं आवाज जसाच्या तसा आहे," ते म्हणाले. "तो उशिरा येतो हे आमच्या पथ्यावरच पडतं."

मला ते ऐकून छान वाटलं होतं. चार पायऱ्या, आणि प्रत्येक पायरी एका माणसाच्या नकळत त्याच्या पायाखाली सरकवलेली. त्या दिवशी ते वाजवत असताना मी डोळे मिटून बसले आणि मला खरोखरच एक जिना दिसत राहिला, धुक्यात उतरणारा.

आणि मग मी तो तक्त्यात लिहिला.

आमच्या सरांचं म्हणणं होतं, जोखीम लिहिली नाही तर ती दुप्पट होते. म्हणून मी जोखमींचा तक्ता केला. पावसाने गर्दी कमी होणे. अंकलचं दुखरं मनगट. आणि तिसऱ्या ओळीत, गायकाचा आवाज. उपाय: पट्टी वेळोवेळी खाली आणली आहे, एकूण चार वेळा. सध्याची स्थिती: नियंत्रणात. गायकांना कल्पना नाही.

फाइल मी फक्त अंकलना पाठवली. त्यांना स्क्रीनवर वाचायचा कंटाळा. त्यांनी न वाचता लायब्ररीत जाऊन चार प्रती छापल्या, कोपऱ्यात पिन मारली, आणि पुढच्या रविवारी चहाबरोबर सगळ्यांना वाटल्या.

कागद गायकाच्या हातात बघितले आणि माझ्या लक्षात आलं. मी काही बोलेपर्यंत त्यांनी चष्मा लावला होता. ते एकेक ओळ बोट ठेवून वाचत होते, बसचं वेळापत्रक वाचावं तसं. बोट तिसऱ्या ओळीवर थांबलं.

मी उठले. सॉरी म्हणायचं होतं, पण पुढचं इंग्रजी येईना. मराठीही आली नसती.

"बस खाली, बॅब," ते म्हणाले. मग बाकीच्यांकडे वळले. "माझ्या बसचे ब्रेक बदलले तरी कागदावर माझी सही घ्यायचे. आणि तुम्ही तिघांनी माझी पट्टी बदललीत."

"तुला त्रास होत होता," अंकल म्हणाले.

"मला त्रास होत नव्हता. तुम्ही होऊ दिला नाहीत." त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. "मूळ पट्टीत लाव."

"या तारा तुटतील," गिटारवाले म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "जुनी गिटार गाडीत आहे. ती मूळ पट्टीतच लावलेली असते."

"अजून?"

"दर महिन्याला लावतो."

ते ती घेऊन आले. पोस्टमननी बेस खाली ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसले. अंकलनी अगदी हळू ताल धरला. गायकाने त्यांचं पहिलं गाणं सुरू केलं. दोन ओळी नीट गेल्या. तिसरीत आवाज वर चढायचा होता. तो चढला, आणि मधेच कापड फाटावं तसा फाटला. ते थांबले. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तिथेच. बाहेर दिवे लागले होते आणि आत कोणी दिवा लावला नव्हता. त्या अर्धवट अंधारात चौघेही मला खूप लांब वाटले, जणू दुसऱ्या काठावर.

"हे कधीपासून?" गायकाने विचारलं.

"पंधरा वर्षं," गिटारवाले म्हणाले. "पंधरा आणि थोडे महिने."

"आणि लोक येत होते?"

"येत होते."

"कोणी अरेरे म्हटलं?"

"तुझ्या केसांना म्हटलं," पोस्टमन म्हणाले. त्या आठवड्यातलं ते बहुधा त्यांचं दुसरं वाक्य असावं.

गायक हसले नाहीत. खुर्चीवर बसले, कुत्र्याचा पट्टा हातात फिरवत राहिले. मी अंकलकडे बघत होते. त्यांच्या हातातल्या काठ्या हवेतच थांबल्या होत्या. मला वाटलं, आता मे महिनाही नाही. आता हे इथेच संपणार, आणि ते मी केलं. माझ्या एका ओळीने.

"आवाज शाबूत असताना थांबायचं, असं ठरलं होतं," शेवटी गायक म्हणाले. "ती वेळ तर पंधरा वर्षांपूर्वीच गेली."

"गेली," अंकल म्हणाले.

"मग आता मे महिन्यात थांबायचं कारण काय?"

मी सरांच्या पद्धतीने कारण शोधून बघितलं, एकही सापडलं नाही.

गायकांना खरंच इतकी वर्षं कळलं नव्हतं का, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. विचारायचा धीर झाला नाही. कार्यक्रम मेमध्ये ठरला तो ठरलाच. पोस्टरवरचा 'शेवटचा' हा शब्द तेवढा काढला. स्कॉटलंडला जाणारे गिटारवाले रविवारच्या वाजवण्यासाठी शनिवारी परत येतील असं ठरलं. बायकोला दिलेल्या शब्दाचं काय, असं कोणीतरी विचारलं तेव्हा गायक म्हणाले, "सोमवार ते शनिवार पाळीन."

त्यानंतरच्या रविवारी ते वेळेवर आले. बहुधा पहिल्यांदाच. गिटारवाल्यांसमोर खुर्ची ओढून बसले आणि तारा लावताना बघत राहिले.

"आता कळलंच आहे तर आणखी अर्धा घे," ते म्हणाले. "दुसऱ्या कडव्याला मान ताणावी लागते."

"आणखी खाली घेतलं तर तारा लोंबतील. कपडे वाळत घालता येतील."

"घे रे."

त्यांनी घेतला. खुंटी हळूहळू फिरली, स्वर खाली खाली येत राहिला, आणि गायक डोळे मिटून त्याच्याबरोबर गुणगुणत खाली आले. एका जागी ते थांबले, हात वर केला, म्हणाले, "इथे." पोस्टमननी आपला बेस त्यांच्या सुराला लावला. अंकलनी चार आकडे मोजले आणि फार घाईने सुरुवात केली.

"हळू," पोस्टमन म्हणाले. "कुठे जायचंय?"

अंकल थांबले, हसले, आणि पुन्हा चार मोजले, या वेळी सावकाश.