अण्णांची दोन टेबलं

माझी आत्या शब्दकोशाच्या कार्यालयात कॉम्प्युटर सांभाळते. तिथे सगळ्यांचं काम आतल्या खोलीतल्या एका सर्व्हरवर असतं. कुठल्याही टेबलावर बसा, नाव टाका, आपल्या फायली समोर. फायलींच्या या जागेला सगळे ‘घर’ म्हणतात.

“ताई, माझं घर उघडत नाहीये!”

“मग बायकोची माफी मागा,” आत्या म्हणते.

या सोयीची खरी गरज अण्णांना. सगळ्यांत जुने संपादक, नजर अधू. सकाळी पूर्वेच्या खिडकीपाशी त्यांना अक्षर दिसतं, दुपारनंतर पश्चिमेच्या. घर त्यांच्यामागून चालत येतं.

पण वीज जाऊन आली की सर्व्हर सावकाश उठायचा आणि तोवर बाकीची मशीनं सुरू होतानाच अडकायची, कारण प्रत्येक मशीन आधी सगळ्यांची घरं जोडू पाहायचं. आत्याने तोड काढली: सर्व्हर उत्तर देत नसेल तर थोडं थांबून नाद सोडायचा. अडकणं कमी झालं. पण एकदा सर्व्हर रेंगाळला, मशीनने मध्येच नाद सोडला आणि अण्णांची ‘वाट’ या शब्दाची नोंद अर्धीच साठवली गेली.

“ताई, वाटेचीच वाट लागली की हो!” अण्णा हसले. साहेब हसले नाहीत.

“पुरे झालं सामाईक घर. सोमवारपासून ज्याचं काम त्याच्या टेबलावर.”

म्हणजे अण्णांचा अर्धा दिवस अंधारात. ते पश्चिमेकडच्या टेबलाचा खण आवरू लागले. ते पाहून आत्याने साहेबांकडे शुक्रवारपर्यंतची मुदत मागितली.

दोन दिवस तिचं जेवणात लक्ष नव्हतं. मग भाजी वाढताना मध्येच म्हणाली, “सगळ्यांची घरं आधीच कशाला जोडायची? जो येईल त्याचं, तो आल्यावर. आणि एकदा जोडलं की नाद सोडायचा नाही.”

शुक्रवारी साहेबांसमोर तिने अण्णांना नोंद पुन्हा लिहायला लावली. मग सर्व्हरची तार काढली आणि म्हणाली, “आता साठवा.”

अण्णांच्या मशीनचा पडदा गोठला.

“गेलं,” साहेब म्हणाले.

“गेलं नाही. वाट पाहतंय.”

तिने तार परत लावली. क्षणभर काहीच नाही. मग पडदा हलला. अण्णांनी नाक पडद्याला टेकवून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचलं.

“आहे सगळं. एक चूकही आहे, पण ती माझी.”

“बरं, राहू दे सामाईक घर,” साहेब म्हणाले. दारापर्यंत जाऊन ते वळले. “ताई, माझंही घर जोडाल का? मी अजून पेन ड्राइव्ह खिशात घेऊन फिरतो.”