तिचं पडसं

बायको गेल्यापासून माझ्याशी मराठीत बोलणारं कुणी उरलं नाही. रेल्वेतून निवृत्त होऊन इथे काशीत पंचगंगा घाटावरच्या गल्लीत दोन खोल्यांत मी एकटाच राहतो. म्हणून नाकात फवारायच्या फ्लूच्या लसीची चाचणी सुरू झाली, तेव्हा मी आपण होऊन नाव दिलं. समाजसेवा वगैरे काही नाही. दर पंधरवड्याला कुणीतरी समोर बसवून तब्येत विचारणार होतं, एवढाच लोभ.

पहिल्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “पिछला जुकाम कब हुआ था?”

मी अडखळलो. चार हिवाळे गेले, साधी शिंक नाही. पूर्वी दर थंडीत ठरलेलं असे. बायको शाळेत शिकवायची. पोरांकडून ताप-पडसं घेऊन यायची आणि तिसऱ्या दिवशी मी अंथरूण धरायचो. “अहो, लांब बसा, माझं पडसं लागेल,” ती म्हणायची. मी कधी लांब बसलो नाही. आता मी ठणठणीत, कारण शिंकायला जवळ माणूसच नाही. हे काही फॉर्मात लिहिण्यासारखं नव्हतं.

“याद नहीं,” म्हणालो.

फवारा झाला. मग दर खेपेला नाकात पट्टी घालून ओल टिपणं झालं. शेवटच्या खेपेला बाई म्हणाल्या, “चाचाजी, आप पर टीके का खास असर नहीं हुआ।”

माझ्या नाकावरच्या रागाला निमित्तच लागतं. “मतलब मेरी नाक में खोट है?”

त्या हसल्या. पूर्वी फ्लू होऊन गेला असला की नाकात त्याचा पहारा राहतो, म्हणाल्या. लसीतला दुबळा विषाणू आत शिरण्याआधीच तो त्याला परतवतो. मोठ्या माणसांत असं होतं. माझ्या पहिल्या दिवशीच्या पट्टीतही तो पहारा दिसला होता.

“किससे मिला होगा?”

“यह तो कोई नहीं बता सकता।”

मला सांगता येत होतं. तिच्या साड्या मी वाटून टाकल्या होत्या, चष्माही कुणाला तरी दिला होता. आता तिचं घरात काही उरलं नाही, असं धरून चाललो होतो.

“कब तक रहेगा?”

“धीरे-धीरे कम होता जाएगा।”

परतताना दशाश्वमेधच्या गर्दीत एक यात्रेकरू अगदी माझ्या तोंडासमोर शिंकला. इतक्या जवळ कितीतरी दिवसांत कुणी आलं नव्हतं. मी झटकन नाकावर रुमाल धरला. त्या नाकात मला दुसऱ्या कुणाचं पडसं नको होतं.