समुद्र दिसू नये म्हणून

नोरीन पास्को साठाव्या वर्षापर्यंत शाळेची बस चालवत होती. बस सुटली आणि तिनं किनाऱ्यावरचं वाळूचं टेकाड धरलं. दर गुरुवारी गावातले आठ-दहा म्हातारे जमवून ती तिथं तण उपटायची, बँक्सिया या तिथल्याच देशी झाडाची रोपं लावायची. पैसे कुणालाच मिळत नव्हते, कंबर मात्र सगळ्यांचीच धरायची. बारा वर्षांत झाडं दोन पुरुष उंच झाली.

ती झाडं नेमकी ग्रँट लिडेलच्या नव्या काचेच्या बंगल्यासमोर होती, समुद्राच्या आड. दातांचा निवृत्त डॉक्टर, गोडबोल्या. तीन गुरुवार तो मदतीलाही आला. माजलेली परदेशी झाडं कशी मारायची, ते नोरीननंच त्याला शिकवलं. बुंध्याला तिरकं भोक पाडायचं, औषध ओतायचं आणि वर ओल्या मातीचा बोळा अंगठ्यानं दाबायचा. ही बोळ्याची युक्ती तिची स्वतःची. "हात चांगला आहे तुझा," असं वर कौतुकही केलं. त्यानंतर गडी फिरकला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात अकरा बँक्सिया करपल्या. नोरीननं गुडघे टेकून बुंधे चाचपले. प्रत्येक भोकावर मातीचा बोळा होता. आपलीच विद्या त्यानं आपल्याच लेकरांवर चालवली, या विचारानं तिच्या अंगाची लाही लाही झाली. बोळ्यावरून कुणाला पकडता येत नाही, असं नगरपालिकेच्या माणसानं सांगितलं.

त्या किनाऱ्यावर एक रीत आहे. समुद्र दिसावा म्हणून कुणी झाडं मारली, तर त्या जागी उंच, कुरूप फलक उभा करतात आणि नवी झाडं तेवढी होईपर्यंत काढत नाहीत. नगरपालिकेनं परवानगी दिली, पैसे दिले नाहीत. फलकाचा बेत गटानं गुलदस्त्यात ठेवला आणि दर शनिवारी हार्डवेअरच्या दुकानाबाहेर टेकाडाच्या नावानं सॉसेज भाजून विकायला सुरुवात केली. इतक्या मन लावून नोरीननं नवऱ्यालाही कधी खाऊ घातलं नव्हतं.

पाचव्या शनिवारी खुद्द ग्रँट रांगेत आला. चारचौघांना दिसेल अशी मोठी नोट त्यानं डब्यात टाकली.

"नवी रोपं घ्या, नोरीन. बुटकी, फुलांची. शोभून दिसतील."

नोरीननं पावात सॉसेज ठेवलं, वर कांदा घातला.

"आम्ही फलक घेतोय, ग्रँट. पैसे कमी पडत होते, म्हणून तुझ्या बैठकीच्या खिडकीसमोर थोडी फट राहत होती. आता नाही राहणार."

त्याचा हात डब्याकडे गेला. रांगेत नऊ माणसं बघत होती.

"सॉस घालू?" तिनं विचारलं.

महिन्याभरात फलक उभा राहिला. त्याच्या पायथ्याशी नोरीननं अकरा रोपं लावली.

"पुन्हा बारा वर्षं," शेजारी खड्डे खणणारी बेरिल म्हणाली. "आपण असू का गं तेव्हा?"

"असू, नसू," नोरीन म्हणाली. "ग्रँट माझ्याहून आठ वर्षांनी मोठा आहे."