उकिरड्यातल्या कलमा

"लेनेवाला कौन?"

कुणी काहीही नवीन बोललं की आमचे उस्ताद डोळे बारीक करायचे, कानावर अडकवलेल्या कलमेला बोट लावायचे आणि एवढंच विचारायचे. पाटलानं मारुतीपुढं हौद बांधायचं काढलं, तरी तेच. एका पोरानं शाळेमागं पेरू लावू म्हटलं, तरी तेच. एकदा त्यांच्या घरी लांबचा पाहुणा आला होता आणि स्वतःच्या कविता म्हणून दाखवत होता. मी पाणी द्यायला गेलतो. उस्ताद मान डोलवत होते, वाहवा म्हणत होते, आणि तांब्या घेताना हळूच माझ्या कानाशी पुटपुटले, "लेनेवाला कौन?"

एकच वाक्य घेऊन जन्माला आलेला असा माणूस तुम्हीही कुठं तरी पाहिला असेल. मी पाहिलेला हा असा होता.

मी चार बुकं शिकलेला माणूस आहे. लिहिण्यात चुका सापडतील. ज्याला काढायच्या त्यानं काढाव्यात, मी दुरुस्त करणार नाही.

निजामाचं राज्य होतं. आमच्या गावच्या शाळेत दुसरीपर्यंत मराठी, ती पाटीवर. तिसरीला कागद आला, तो उर्दूबरोबर आला, आणि उर्दूबरोबर उस्ताद आले. औरंगाबादेकडून वर्षभर आधीच बदलून आलेले. अंगात शेरवानी, कोपराला ठिगळ, पण गुंड्या भर उन्हाळ्यातही गळ्यापर्यंत लावलेल्या. वाटेत खडा दिसला की वाकून उचलायचे आणि कडेला ठेवायचे. फेकायचे नाहीत, ठेवायचे. मराठी समजायची सगळी, बोलताना मात्र त्यांची दखनी आणि आमची बोली एकमेकींच्या पायात यायच्या.

थंडी पडली की आमचा वर्ग गळायचा. कुणी कापूस वेचायला, कुणी ज्वारी राखायला. उस्तादांनी पहिलं वर्ष ते बघून घेतलं. दुसऱ्या वर्षी पोळा झाल्यावर म्हणाले, "तुम लोगां शाळा छोडके काम कू जाते. ठीक हाय. आपन काम कूच शाळेत आणू. बोलो, काय बनवायचं?"

वर्गात एकच गलका झाला. एक म्हणाला भोवरे.

"लेनेवाला कौन?"

"सगळी पोरं, उस्ताद."

"पोरां के खिसे में क्या हाय? चिंचोके. अगला बोलो."

दुसरा म्हणाला गुळाच्या वड्या.

"लेनेवाला कौन?"

तो भाबडेपणानं म्हणाला, "मी!" सगळा वर्ग हसला. उस्ताद शेरवानीची गुंडी घट्ट धरून हसत होते, जणू ती सुटेल.

मी म्हणालो, "कलमा करू." ओढ्याच्या वळणावर बोरूचं बेट माजलेलं होतं. त्या वेळी लिहिणारा प्रत्येक जण बोरूची कलमच वापरी, आणि आमच्या वर्गात तर तिघांत एक कलम होती. उस्तादांचं बोट कानाकडं गेलं. मी म्हणालो, "ठाव न्हाई." ते रागावले नाहीत. म्हणाले, "जा. पूछके आ."

मी विचारून आलो. गावचा पटवारी, वाणी, जोशी. आबांबरोबर, म्हणजे वडिलांबरोबर, सिरसाळ्याच्या बाजारात गेलो, तिथं अडत्यांचे मुनीम. बोरूची चांगली कलम आणून दिली तर घ्याल का? सगळे म्हणाले, आण की, घेऊ. पाटी भरून नावं आणली. उस्तादांनी पाटी दोन्ही हातांनी धरून वाचली आणि वर्गाला दाखवली. मला मारुतीच्या देवळाच्या कळसावर बसल्यासारखं झालं.

घरी मात्र वेगळंच शिजत होतं. आबांनी पाटलाशी बोलणं करून टाकलं होतं. पाडव्याला गडी-माणसांची सालं ठरत. त्या पाडव्यापासून मी पाटलाच्या गुरांमागं जायचं, आणि शाळा बंद.

मी म्हणालो, "आन आमच्या कलमा खपल्या तर?"

"खपल्या तर बघू."

"बघू न्हाई. खपल्या तर शाळा."

"कावून रे एवढा ताठा तुला?"

त्या दिवशी मी भाकरीला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशीही सकाळची तशीच ठेवली. माय रडायला लागली तेव्हा आबा म्हणाले, "बरं बे, खपल्या तर शाळा. गीळ आता."

दिवाळीनंतर बोरू तोडले. सावलीत वाळवले. मग उस्तादांनी सांगितलं, आता हे जुन्या शेणखतात पुरायचे. तीन महिने. खताच्या उबेनं बोरू खजुरासारखा लाल होतो, पक्का होतो, शाईत भिजून फुगत नाही. गावातले सगळे उकिरडे त्यांनी काठीनं टोचून पाहिले आणि आमचा निवडला. मला त्याचा गर्व झाला, आबांना धक्का बसला.

"सरस्वतीला उकिरड्यात घालतो व्हय बे? तुझा उस्ताद कलमा पिकवतो का वांगी?"

पण आबा घरी नसताना मी खड्डा खणला. मग उस्ताद दर दोन-चार दिवसांनी दुपारी यायचे. नाकाला रुमाल, एका हातानं शेरवानी वर उचललेली, दुसऱ्या हातात काठी. काठी खतात खुपसायची, बाहेर काढून टोकाला तळवा लावायचा. "हौ, गरम हाय." माय ताक द्यायची, ते उभ्यानं प्यायचे. निजामाच्या शाळेचा मास्तर सारखा कुणब्याच्या उकिरड्याची नाडी बघतोय, हे बघायला शेजारच्या बायका भिंतीआड जमायच्या. आबा तोंडानं काही बोलत नसत, पण त्या बाजूला नवं शेण टाकू देत नसत.

संक्रांतीनंतर महिन्याभरानं बोरू काढले. खरंच लाल झाले होते, वाजवले तर हाडासारखे खणखणायचे. मग छाटायचं काम. शिंगाच्या तुकड्यावर बोरू ठेवायचा, तिरपा तासायचा, मधोमध चीर द्यायची, आणि शेवटी जिभेचं टोक एका अंगाला उतरतं कापायचं. या शेवटच्या छाटावर अक्षराचं जाड-बारीक ठरतं. पहिल्या आठवड्यात आम्ही बोरूपेक्षा बोटं जास्त कापली. उस्ताद प्रत्येक कलम शाईत बुडवून एक अलिफ, उर्दूचं ते पहिलं उभ्या रेघेचं अक्षर, ओढायचे. मनासारखा उतरला तर कलम उजवीकडं, नाही तर परत आमच्या हातात. माझ्या कलमा उजवीकडं जास्त जायच्या. हे मी सांगतोय म्हणून नाही, तसंच होतं.

पाडवा आठ दिवसांवर आला तेव्हा आम्ही सिरसाळ्याच्या बाजारात गेलो. उस्ताद आणि आम्ही सहा पोरं. जोंधळ्याच्या कडब्यासारख्या जुड्या बांधल्या होत्या. आबाही आलेले, अंबाडीचे दोर विकायला. ते लिंबाखाली बसले, आम्ही समोर पोतं अंथरलं.

पाटीवरचं पहिलं नाव होतं एका अडतीच्या म्हाताऱ्या मुनिमाचं. चष्मा दोऱ्यानं कानाला बांधलेला. मी त्यांना बोलावून आणलं, ते शेजारच्या ओट्यावर टेकले. त्यांनी कलम घेतली, वाजवून पाहिली, खूश झाले. शाईत बुडवून मोडीत एक ओळ लिहायला गेले आणि थांबले. परत लिहिलं. कलम कागदात रुतली, शाई उडाली.

"पोरा, ही कलम मला चावती की."

दुसरी दिली. तीही चावली. जोशी आले, त्यांची तीच तक्रार. वाणी आला. जिथं अक्षर जाड यायला पाहिजे तिथं बारीक, बारीक पाहिजे तिथं जाड. गर्दी जमली.

"मास्तरसाब, बोरू लई झ्याक हाय," मुनीम म्हणाले, "पण छाट उलटा हाय. ह्यो तुमच्या उर्दूचा छाट. आमच्या मोडीला टोक ह्या अंगाला उतरतं लागतं."

आता बघा काय झालं होतं. मी घेणार का म्हणून विचारलं होतं. कसं लिहिता, हे विचारलंच नव्हतं. आम्ही पोरं पाटीवर मराठी शिकलेली, कलम हातात आली ती उस्तादांकडूनच. आणि उस्तादांनी जन्मभर उर्दूच लिहिलेली. दुसरा छाट असतो, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. सहा पोरांनी तीन महिने राखलेल्या कलमा पोत्यावर पडल्या होत्या आणि भरल्या बाजारात घेणारा कुणी नव्हता.

कुणीतरी गर्दीतून म्हणालं, "मास्तर, आता उकिरड्यातच पुरा परत!" लोक हसले. मी लिंबाकडं पाहिलं. आबा दोर वळायचे थांबले होते. मला पाटलाची गुरं दिसायला लागली, त्यांच्या शेपट्यांसकट.

उस्तादांचं बोट कानावरच्या कलमेला लागलं. पण त्यांनी तो प्रश्न कुणाला विचारला नाही. स्वतःशीच ओठ हलवले. मग गळ्याजवळची गुंडी सोडली. ती सुटलेली आम्ही पहिल्यांदा पाहत होतो. पुढं झाले आणि मुनिमांच्या ओट्यासमोर खाली मातीत मांडी घालून बसले. चाकूची मूठ मुनिमांकडं करून म्हणाले,

"बीस बरस हुए लिखते. मालूम नहीं था. सिखाव."

मुनीम गडबडले. "अहो मास्तरसाब, वर बसा. असं खाली कावून बसता?"

"सीखनेवाला नीचेच बैठता. सिखाव."

मुनिमांनी छाट दाखवला. उस्तादांनी करून पाहिला, चुकला. मुनीम सवयीनं म्हणाले, "असं न्हाई, असं धरा बोट," आणि मग आपणच जीभ चावली. उस्ताद म्हणाले, "हौ, बोलो, बोलो." तीन वेळा चुकले. चौथ्या वेळी मुनिमांनी लिहून पाहिलं आणि ओळ सरळ गेली. उस्ताद मागं वळून आमच्यावर ओरडले, "क्या देखते, हौले? चाकू काढा!"

मग आम्ही सहा पोरं आणि आमचा मास्तर भर बाजारात कलमा तासत बसलो. जो येईल त्याला आधी विचारायचं, "कसं लिहिता? लिहून दाखवा." कुणाचा हात जड, त्याला चीर लहान. कुणी बारीक लिहिणारा, त्याला जीभ अरुंद. ज्याच्या-त्याच्या हातासारखी कलम समोर कापून द्यायची. असा माल त्या बाजारात कुणी पाहिला नव्हता. हसणारे पुढं सरकले. कचेरीतला एक कारकून उर्दूचा छाट मागत आला, तेव्हा उस्तादांनी त्याला एखाद्या सोयऱ्यासारखं जवळ बसवून घेतलं. उन्हं कलली तेव्हा पोत्यावर नुसता तुसांचा ढीग होता.

मी आबांकडं गेलो. म्हणालो, "खपल्या."

आबा माझ्याकडं बघत नव्हते. उस्ताद उभे राहून धोतरवाल्या मुनिमांना वाकून आदाब करत होते, शेरवानीच्या मागं मातीचा गोल डाग पडला होता, तिकडं बघत होते.

"खाली बसला रे ह्यो माणूस," आबा म्हणाले. मग उरलेले दोर खांद्यावर टाकले. "पाटलाला सांगून येतो, गुरांना दुसरं कुणी बघा म्हणून."

माझं चौथं बुक असं मला मिळालं. पुढच्या थंडीत वर्ग गळला नाही. ओढ्याच्या बेटातले बोरू दरवर्षी आमच्या उकिरड्यात जायचे आणि आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावायचे, "तिकडं पाय देऊ नका, कलमा हायत." मी पुढं घाटनांदूर, पाटोदा, सगळे बाजार कलमांवर फिरलो. पितळी टाक आले, मग फौंटन पेन आली, मी दुकान थाटलं. ते आजही आहे. गिऱ्हाइकाला मी आधी लिहायला लावतो, मग पेन काढतो. लोक म्हणतात म्हातारा हेकट आहे. आहे.

आता शाळेत याला कार्यानुभव म्हणतात. माझ्या नातवानं परवा कागदाची टोपली करून आणली, ती ट्रंकेवर पडून आहे. उस्तादांनी ती बघून काय विचारलं असतं, ते आता तुम्हीच सांगा.

मी चौथी झालो त्याच उन्हाळ्यात त्यांच्या बदलीचा हुकूम आला. छकड्यात एक पेटी आणि एक वळकटी, एवढंच सामान. सगळा गाव वेशीपर्यंत आला होता. मी खास राखलेला लाल बोरू छाटून आणला होता, उर्दूचा छाट. पुढं केला. त्यांचं बोट कानाकडं गेलं.

"लेनेवाला कौन?"

"तुमी," मी म्हणालो.

उस्तादांनी दोन्ही हात पुढं केले. कलम घेतली, कानावर ठेवली आणि तिथली जुनी काढली. मी पाहिलं तर तिचा छाट मोडीचा होता. बाजाराच्या दिवशी ते मुनिमांकडं जाऊन बसायचे, हे मला माहीत होतं. कशासाठी, ते तेव्हा कळलं. त्यांनी पेटीवर कागद ठेवला, दौत उघडली आणि माझं नाव मोडीत लिहायला घेतलं.

मोडीत आधी वरची रेघ ओढतात, मग तिच्याखाली अक्षरं लटकवतात. रेघ डावीकडून उजवीकडं. उस्तादांनी ती जन्माच्या सवयीनं उजवीकडून डावीकडं ओढली. मग खाली माझं नाव लिहिलं, पहिलीतल्या पोरासारखं, जीभ दातांत धरून.

तो कागद दुकानात काचेखाली आहे. लोक म्हणतात, अक्षर जरा वाकडं आहे, कुणाचं? मी सांगत नाही. रेघ कुठून सुरू झाली ते त्यांना दिसत नाही. पण नीट बघितलं तर उजव्या टोकाला, जिथं कलम पहिल्यांदा टेकली, तिथं शाईचा एक जाड थेंब आहे.