घराण्याची काडी

आमचे काका सोनाराकडे जात ते लोखंड तोलायला. काकू म्हणायची, "नवरा महिन्यातून दोनदा सोनाराच्या पेढीवर दिसतो म्हणून शेजारणी माझा हेवा करतात. त्यांना काय माहीत, तिथे बाणाची टोकं तोलतात!" सोनारालाही सवय झाली होती. काकांना लांबून बघितलं की तो सोन्याचा काटा पुसून ठेवी आणि म्हणे, "आवो, तीरवाळा काका." बडोद्याच्या अख्ख्या मांजलपुरात त्यांचं हेच नाव होतं, बाणवाले काका.

काकांचे आजोबा बडोदे संस्थानच्या शिकारखान्यात होते. त्यांचं बांबूचं शिकारी धनुष्य काकांच्या बैठकीत टांगलेलं असे. काकांनी स्वतः जन्मात उंदीरसुद्धा मारला नाही. पिंजऱ्यात सापडलेला उंदीर ते स्कूटरवरून लांब सोडून येत. पण दर रविवारी सकाळी सोसायटीच्या मागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये गवताच्या पेंढ्यांवर बाण सोडणं म्हणजे त्यांची पूजा होती. मी, त्यांच्या भावाची मुलगी, कॉलेजात असल्यापासून त्या पूजेला हजर असे.

त्या पूजेत सोवळंओवळं भारी. छोटा उदेपूरच्या हाटातून बाणांसाठी बांबूच्या काड्या आल्या की एकेक काडी भिंतीतल्या दोन खिळ्यांवर आडवी ठेवायची आणि मधोमध एक पितळी वजन टांगायचं. काडी करंगळीच्या जाडीइतकी लवली तर घरात, कमी-जास्त लवली तर काकूच्या तोंडल्याच्या वेलाला आधार. हे माप आजोबांचं. त्यात बदल करायचा नाही. बदलायचं ते फक्त टोक. बाण सुटताना काडी जराशी वाकते आणि धनुष्याला वळसा घालून पुढे जाते. ताठ काडी वळत नाही, डावीकडे जाते. टोक जड केलं की तीच काडी जास्त वाकते आणि सरळ येते. "काडी घराण्याची, टोक आपलं," काका म्हणायचे. स्वतःच्या मुलीला पाहायला आलेल्या मंडळींनाही त्यांनी हे ऐकवलं होतं. ते लोक चहा पिऊन गेले ते गेलेच.

मग एका हिवाळ्यात काकांचे बाण डावीकडे जाऊ लागले.

"बांबू या वर्षी ताठ निघालाय," काका म्हणाले आणि सोनाराकडे जाऊन जड टोकं तोलून आणली. बाण सरळ आले. होळीपर्यंत पुन्हा डावीकडे. पुन्हा जड टोकं. आता बाण सरळ जाई, पण मध्येच मान टाकी. म्हणून काका नेम वर धरू लागले आणि पेंढ्या जवळ ओढू लागले. टोकं जड होत गेली तसे काका गप्प होत गेले. घरी त्यांच्या हातून कपबशी पडली की "बशी गुळगुळीत आहे" म्हणत. शर्टाचं वरचं बटण काकू लावून देऊ लागली होती आणि लावताना दोघंही दुसरीकडे बघत.

मला ते दिसत होतं. पूर्वी काका दोरी कानापर्यंत ओढत, तेव्हा बाणाचं टोक धनुष्य धरलेल्या मुठीला येऊन टेकायचं. आता मुठीच्या पुढे चांगली वीतभर काडी उरे. धनुष्य तेच, काडी तीच, पण ओढणारा अर्ध्यावर थांबत होता. तेवढ्या जोराला ती काडी ताठच पडणार. हे मला काकांनीच शिकवलं होतं. मला भीती वाटे, आणि त्या भीतीचा रागही येई.

प्लॉटच्या डाव्या बाजूला त्या वर्षी नवी सोसायटी उभी राहिली. भिंत झाली, माणसं राहायला आली. एका रविवारी काकांनी नेम वर धरला, बाण डावीकडे गेला आणि भिंतीवरून पलीकडे उतरला. आम्ही धावत गेलो. तो एका ओसरीवरच्या हिंचक्याच्या, म्हणजे झोपाळ्याच्या, फळीत उभा रुतला होता. घरातल्या म्हाताऱ्या बा नुकत्याच पाणी प्यायला आत गेल्या होत्या. त्या दारात येऊन बाणाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "भाई, हुं अहींयाज बेठी हती." मी इथेच बसले होते, एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

काका परत येताना म्हणाले, "टोक अजून जड करायला हवं."

"काका, टोकात काही नाही आणि बांबूतही नाही," मी म्हणाले. "तुमचा हात दोरी ओढत नाहीये. डॉक्टरकडे चला."

"मला शिकवतेस?" त्यांनी धनुष्य माझ्या हातातून हिसकावलं. हिसकावताना ते त्यांच्याच हातून खाली पडलं. ते त्यांनी उचललं नाही, मीही उचललं नाही. शेवटी काकूने येऊन नेलं.

बरेच दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. काकूने मात्र त्यांना डॉक्टरकडे नेलंच. आजार नसांचा होता, हळूहळू वाढणारा, परत न फिरणारा. काकूने मला फोनवर सांगितलं आणि म्हणाली, "घरात त्याचं नाव काढायचं नाही, असं ठरलंय." कुणी ठरवलं ते विचारायची गरज नव्हती.

दिवाळीच्या आधी काकांचा निरोप आला, ये म्हणून. गेले तर ते खिळ्यांसमोर खुर्ची टाकून बसले होते. पितळी वजन टांगलेलं होतं.

"मऊ काड्या बघायच्या," ते म्हणाले. "दोन बोटं लवणाऱ्या. आणि टोकं हलकी."

आजोबांचं माप मोडायला निघालेल्या काकांकडे मी बघत राहिले. "अगं बघतेस काय? अर्ध्या ओढीला बराबर बसायला हवी ने?" ते चिडून म्हणाले. काकू स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आजाराविषयी काका तोंडाने जे बोलले ते एवढंच.

त्यानंतर ते प्लॉटवर कधी गेले नाहीत. घरातच, जुनी गादी भिंतीला लावून, मी आणलेल्या हलक्या धनुष्याने दोन-चार बाण सोडत. हातातला जोर उतरत गेला तशी ते काडी तासून घेत. आधी दोन बोटं लवणारी, मग तीन. प्रत्येक वेळी बाण सरळ गेला की त्यांना मनापासून आनंद होई, आणि तो पाहून मला रडू येई. एकदा ते माझ्यावर खेकसले, "रडतेस कशाला? जुळलंय की!"

पुढच्या उन्हाळ्यात काका गेले. त्याच्या थोडं आधीची एक दुपार. धनुष्य मी धरलं होतं, कारण त्यांना ते उचलवत नव्हतं. काडी खराट्याच्या हिराएवढी बारीक. त्यांनी दोन बोटांनी दोरी ओढली, ती जेमतेम हलली. बाण गादीपर्यंत गेलाच नाही. माझ्या पायापुढे टप्पकन जमिनीवर पडला.

काका वाकून बाणाकडे बघत होते.

"सरळ पडला," ते म्हणाले.